विषय: मार्चमध्ये दाजीपूर, जीप घेऊन

प्रेषक: बंटी, सॅन होजे

मंडळी, १५ मार्चला कोल्हापुरात उतरतोय. आत्येभावानं जुनी जीप नवी करून घेतलीय, टायरं बघाल तर लई भारी. दाजीपूरच्या बाजूला सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या पठारावर) गाडी घालायची, तिथंच चूल मांडून तांबडा-पांढरा करायचा, असा बेत आहे. गेटवर नाव लिहिलं की झालं ना?

प्रेषक: अण्णा, राजारामपुरी, कोल्हापूर

बंटी, "जाळ आणि धूर संगटच" हे आपण गमतीनं म्हणतो रे. तू खरंच करायला निघालास!

मार्चात सड्यावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. काडी ओढायलाच पाहिजे असं नाही. तापलेली गाडी गवतात उभी केली, खाली सायलेन्सरला गवत टेकलं, की तू पातेलं उतरवेस्तोवर मागं वणवा. सड्यावर वारा किती असतो ते तुला सांगायला नको.

दाजीपूर १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे, आता ३५१ चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्याचा भाग. तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. परवान्याशिवाय आत शिरणं हा एक गुन्हा, आत रानाला धोका होईल अशी चूल पेटवणं हा दुसरा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड पूर्वी २५ हजारांपर्यंत होता, २०२२ च्या दुरुस्तीत वाढवला. आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होते, शाबित झालं तर सरकारजमा. हे शेवटचं वाक्य आत्येभावाला वाचून दाखव.

जायचंच तर परवाना काढून, ठरलेल्या वाटेनं जा. गवा वाटेवरूनही दिसतो.

प्रेषक: मीनावहिनी, सॅक्रामेंटो

अण्णा, इथं तरी कुठं मोकळं रान आहे? २०२१ च्या ऑगस्टअखेर आगींमुळं कॅलिफोर्नियातली जवळपास सगळी नॅशनल फॉरेस्ट बंद केली होती. तसा बंदी हुकूम मोडून आत गेलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, नाहीतर ६ महिन्यांपर्यंत तुरुंग, नाहीतर दोन्ही. वर आपल्यामुळं आग लागली तर विझवण्याचा खर्चही आपल्याच बोकांडी बसू शकतो. बंटी, तो आकडा दंडासारखा चारआकडी नसतो.

आमचे हे एकदा मित्राची मोटरसायकल घेऊन डोंगरात गेले. तिला स्पार्क अरेस्टरच नव्हता (सायलेन्सरातून उडणाऱ्या ठिणग्या अडवणारी जाळी). रेंजरनं वाटेतूनच परत पाठवलं. दंड नाही झाला, पण घरी आल्यावर जे ऐकावं लागलं त्यापेक्षा दंड परवडला असता.

प्रेषक: बंटी

अण्णा, आत्येभावाला फोन लावला. ३ वर्षं कैद म्हटलं तर म्हणाला, "बघू की." १ लाख म्हटलं, तरी हसत होता. जीप सरकारजमा म्हटल्यावर फोनवर एकदम गप्प.

मटण आता घरी गच्चीवर, सिलिंडरवर. तुम्ही काकूंना घेऊन या. दाजीपूरचा परवाना वेगळा काढतो, जीप घरीच राहील.