मदत हवी आहे: जतन केलेली स्थिती उघडल्यावर तिहेरी पुनरावृत्ती ओळखली जात नाही

पायथनमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहितोय. चाली इंजिनकडून (चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडून) येतात, यूसीआय पद्धतीने, म्हणजे इंजिनशी बोलण्याच्या ठरलेल्या आज्ञांनी. डाव अर्धवट सोडताना स्थिती फेन ओळ म्हणून (पटाची स्थिती सहा रकान्यांत सांगणारी एक ओळ) फाइलमध्ये जाते आणि नंतर तिथूनच उघडते.

सोंगट्या जागेवर येतात, पाळी बरोबर, किल्लेकोटाचे (राजा-हत्तीच्या एकत्र चालीचे) हक्क आणि एन पासांचं घरही (दोन घरं पुढे आलेलं प्यादं लगेच मारता येतं ते घर) बरोबर. सहाही रकाने नोटपॅडमध्ये तपासले, तीच ओळ दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही नीट उघडते. पन्नास चालींची मोजणीसुद्धा (प्यादाची चाल किंवा मारामारी न होता पन्नास चाली झाल्या की बरोबरी) पुढे चालू राहते, कारण तिचा आकडा पाचव्या रकान्यात असतोच. अडतंय ते पुनरावृत्तीवर, म्हणजे तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी या नियमावर. एकच स्थिती जतन करण्याआधी दोनदा आलेली असली, तरी उघडल्यावर ती पहिल्यांदाच आली असं धरलं जातं. मग जिंकत असलेलं इंजिन हत्ती तिथेच मागेपुढे करतं आणि बरोबरी ओढवून घेतं. हे फार खटकतं.

फेनमध्ये आधीच्या चाली नसतात, हे माहीत आहे. पूर्ण पीजीएन (डावातल्या सगळ्या चालींची नोंद) जतन करून पाहिलं, ते चालतं. पण बऱ्याच स्थिती मी पटावर हाताने मांडतो, त्यांना सुरुवातीचा डावच नसतो. शिवाय फाइल एका ओळीचीच हवी.

म्हणून विचार असा: शेवटची प्यादाची चाल किंवा मारामारी झाली, त्या क्षणाची फेन आणि त्यापुढच्या चाली एवढंच साठवायचं, आणि इंजिनलाही यूसीआयच्या 'पोझिशन फेन' आज्ञेच्या पुढे 'मूव्हज' (चालींची यादी) जोडून तेच पाठवायचं. पुनरावृत्तीसाठी एवढं पुरेल का, की किल्लेकोटाचा हक्क जातो ती चाल वेगळी हाताळावी लागेल?