एटीआर मिळतंय तर घ्यावं, की एअरबसची वाट बघावी?

पार्ल्याची मावशी: भाच्याचं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, होऊन दीड वर्ष झालं. लायसन्सला लागतात तेवढे २०० तास, डोक्यावर कर्ज आणि बहिणीच्या घरी दर महिन्याच्या पाच तारखेला हप्त्याची धडधड. आता एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीने एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, उडवायला बोलावलंय. टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका विमानाचं प्रशिक्षण आणि परवाना, कंपनी करून देणार; बदल्यात तीन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर पैसे भरायचे. बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, मुंबईबाहेर. मित्र म्हणतात, थांब, एअरबसची भरती निघेल. मी म्हणते, घे. दीड वर्ष विमानात न बसलेल्या पोराला मोठी कंपनी कशाला विचारेल? बोला आता.

रनवे सत्तावीस: मावशी, मी नाही म्हणेन. एटीआर टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यावर चालणारं; एअरबस जेट. पुढे एअरबसवर जाताना टाइप रेटिंग नव्याने करायचं, आणि सीनिऑरिटीच्या यादीत तळाशी उभं राहायचं. मी स्वतः अशाच एका कंपनीत होतो, नाव नको. विमानं दोन, त्यातलं एक इंजिनासाठी महिनोन् महिने जमिनीवर. महिन्याला जेमतेम तीस तास मिळायचे, पगार तीन महिने मागे. सोडतो म्हटल्यावर मात्र बाँडची रक्कम तिसऱ्या दिवशी मेलवर! शिवाय उडानच्या, म्हणजे लहान शहरं जोडायच्या सरकारी योजनेच्या, मार्गांना सरकारी भरपाई तीन वर्षंच मिळते. ती संपली की तो मार्ग चालेलच याची खात्री कोण देणार? ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली, तिच्याकडे एटीआरच होती.

हॉटेल मोड: आणि जेट एअरवेज? शंभरावर विमानं होती, १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण. गो फर्स्ट तर सगळी एअरबसवाली, मे २०२३ मध्ये बंद. छोटी बुडते, मोठी तरते, हा हिशेब मला तरी पटत नाही.

आता कामाचं. एटीआरला ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नसतं. पॉवर लिव्हर उतरेपर्यंत हातात. दिवसाला चार-चार सेक्टर, म्हणजे उड्डाणं, त्यात पावसाळ्यात कोकणात उतरायचं म्हणजे ढग, वारा आणि ओला रनवे एकदम. एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन, तेसुद्धा नसतं, म्हणून उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवून फक्त पंख्याला ब्रेक लावतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात, माझं नाव तिथूनच. प्रवासी तेव्हा मागच्या दाराने चढत असतात. या विमानावर हात बसला की पुढे कुठेही बसतो. १५०० तास झाले की एटीपीएलचा, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्सचा, रस्ता मोकळा, कमांडही लवकर.

सव्वापाचची लोकल: तुमचं विमानावरून भांडण चालू द्या, मी वैमानिकाची बायको म्हणून सांगते: बेस बघा. २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास झाली, छानच. पण बेस बाहेर असला की त्यातला एक दिवस मुंबई गाठण्यात आणि परत जाण्यात जातो, तोही सीट मिळाली तर. आमच्याकडे मुलीचा तिसरा वाढदिवस व्हिडिओ कॉलवर झाला.

रनवे सत्तावीस: नोटिशीचं कोणीच बोललं नाही. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला वर्ष. एअरबसचं बोलावणं आलं तरी सहा महिने कोण थांबणार?

हॉटेल मोड: थांबतात. नोटीस सगळ्यांनाच आहे, हे मोठ्या कंपन्यांना ठाऊक असतं.

पार्ल्याची मावशी: त्याला सगळं वाचून दाखवलं. विचारतोय, बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण?

हॉटेल मोड: ते लेखी घ्यायला सांगा. तोंडी सगळे हो म्हणतात.

रनवे सत्तावीस: यावर मात्र सहमत. आणि सही करण्याआधी आठवडाभर त्यांची विमानं फ्लाइटरडारवर, म्हणजे उडणारी विमानं थेट दाखवणाऱ्या साइटवर, बघायला सांगा. जाहिरातीत किती आणि आकाशात किती.

पार्ल्याची मावशी: बसलाय बघत. चारपैकी एक रविवारपासून दिसलेलं नाही.