क्रॉप बॉडीवर १०-१८ की एफ/२.८?

क्रॉप बॉडीसाठी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी, कॅननची १०-१८ मिमीची रुंद कोनाची लेन्स घ्यावी की थांबून एफ/२.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, महागडी लेन्स घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. १०-१८ च घ्या. लँडस्केप आपण ट्रायपॉडवर एफ/८ ते एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, काढतो, तिथे २.८ लागतच नाही. रात्रीचं आकाश टिपायचं असेल तर गोष्ट वेगळी. लहान सेन्सरच्या १.६ क्रॉपमुळे १० मिमी म्हणजे फुलफ्रेमचे (मोठ्या, पूर्ण आकाराच्या सेन्सरचे) १६ मिमी, एवढा रुंद कोन भरपूर झाला.

पण आपलं सोलापूरचं माळरान सपाट. नान्नजच्या गवताळ माळावर नुसतं क्षितिज धरलं की फोटो रिकामा वाटतो. खाली बसा, कुसळी गवत अगदी पुढ्यात घ्या, मग खोली येते. सिद्धेश्वर तलावावर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) मात्र जपून. एवढ्या रुंद कोनात निळ्या आकाशात गडद पट्टा उमटतो.