उत्तर: प्रश्नावली भाषांतरित करून भागत नाही

एक मत असं मांडलं गेलंय की ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, लोकांसाठी नैराश्याची नेहमीची प्रश्नावली त्यांच्या भाषेत आणली की झालं. शब्द बदलतील, पण गडबड विचारण्याच्या पद्धतीतच आहे. "झोप लागत नाही ना?" असं अनोळखी अधिकाऱ्याने विचारलं की पुष्कळदा "हो" येतं, ते निव्वळ विषय मिटवायला. त्यापेक्षा "रात्र कशी जाते?" विचारा आणि गप्प बसा. ती शांतता भरून काढायची घाई अंगाशी येते.

कागद पहिल्या भेटीत नकोच. आधी 'यार्निंग', म्हणजे गाव कुठलं, माणसं कुणाची, अशा गप्पा, तुमचंही सांगा. शक्यतो शेजारी बसून, बाहेर. नजर टाळणं हे बऱ्याच ठिकाणी आदराचं असतं, लक्षण म्हणून टिपू नका. गेलेल्या नातेवाइकाचा आवाज ऐकू आला म्हणजे लगेच सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) नव्हे.

मुलांविषयी विचारण्याआधी माहिती कुणाकडे जाईल ते स्पष्ट सांगा. सरकारने पिढ्यान्‌पिढ्या या लोकांची मुलं घरातून उचलून नेली. २००८ साली संसदेत माफी मागितली म्हणून धास्ती जात नाही.

आणि घरात मृत्यू झाला की 'सॉरी बिझनेस', म्हणजे शोक आणि अंत्यविधींचा काळ, कित्येक आठवडेही चालतो. त्यात दोन भेटी चुकल्या म्हणून फाइल बंद करणं, ही तर सर्रास होणारी चूक.