थिनिंग : छाटणी, विरलन की विरळणी?

पानफुटी : न्यूझीलंडमधल्या रेडिएटा पाइनच्या लागवडींवरचा एक लेख मराठीत आणतेय. एका वाक्याचा आशय असा : लवकर आणि जोरात थिनिंग (लागवडीतली काही झाडं काढून टाकणं) केल्यामुळे झाडं जाड झाली, पण लाकूड कमजोर निघालं. जुन्या भाषांतरांत थिनिंगला कुठे 'छाटणी' दिसलं, कुठे 'विरलन', एका ठिकाणी तर चक्क 'वृक्षतोड'. आणि 'जुवेनाइल वुड'चं काय करायचं? 'बालकाष्ठ' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

बांधावरून : छाटणी तर नक्कीच नाही. छाटणीत झाड जागेवर राहतं, फांद्या जातात. द्राक्षवाल्यांना विचारा. एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी, आणि घडातले जादा मणी काढायचे ती विरळणी वेगळी (बोलताना तेही थिनिंगच म्हणतात). बाजरी-कपाशीत 'नांग्या भरणे (रिकाम्या जागी पुन्हा लावणं) व विरळणी' ही जोडी ठरलेलीच. दाट उगवलं तर काही रोपं उपटायची, उरलेल्यांना जागा करून द्यायची. एवढा घरचा शब्द असताना विरलन कशाला?

देवराई : विरळणीला माझंही मत. सागाच्या रोपवनांच्या संदर्भात वनखात्यातही हाच शब्द चालतो. अडचण एकच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वर्गवारीत छत्राची घनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन) १० ते ४० टक्के असेल ते खुलं वन, आणि बातम्यांत त्यालाच 'विरळ जंगल' म्हणतात. त्यामुळे 'विरळणी केलेलं जंगल' वाचलं की उजाड, ओरबाडलेलं रान डोळ्यांपुढे येतं. विरळणी झालेल्या लागवडीत मात्र काही वर्षांत माथे पुन्हा भिडतात. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'उरलेल्या झाडांना वाढायला जागा मिळावी म्हणून केलेली विरळणी' असं लिहा, पुढे नुसतं विरळणी पुरे.

'वृक्षतोड'बद्दल : झाडं तोडली जातात हे खरंच, पण हेतू उरलेल्यांचा असतो. तो अर्थ त्या शब्दात नाही.

पानफुटी : पण मग 'विरळणीने जंगलाची वाढ होते' हे वाक्य बरोबर का? मूळ लेखात असंच काहीसं आहे.

देवराई : जंगलाची नाही, झाडाची. हेक्टरमागे एकूण लाकूड विरळणीने फारसं वाढत नाही, जोरात केली तर घटतंच. जी वाढ हजार खोडांत वाटली जायची, ती तीन-चारशे खोडांत जमते. उंचीवर जवळपास परिणाम नाही, फरक पडतो घेरात. तोही लगेच दिसत नाही. सावलीत वाढलेल्या सुया (पाइनची पानं) उन्हाला सरावायला वेळ लागतो, मुळं पसरायला वेळ लागतो. मोकळं झालेलं झाड वाऱ्यात जास्त हलतं, म्हणून आधी बुंध्याकडे जाड होतं. त्यामुळे खोड बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळतं होत जातं, आणि सरळ लांब फळ्या कमी निघतात. उंच, सडपातळ झाडांच्या रानात उशिरा, एकदम जोरात विरळणी केली तर वादळात झाडं आडवी पडतात, ते वेगळंच.

आता लाकूड. पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडाच्या खोडातल्या एका वर्षाच्या वलयात दोन पट्टे असतात. हंगामाच्या सुरुवातीचा फिकट, पातळ भिंतींच्या पेशींचा, आणि शेवटचा गडद, जाड भिंतींचा. पाठ्यपुस्तकांत यांना वसंतकाष्ठ आणि शरदकाष्ठ म्हणतात. स्प्रूसमध्ये वलय रुंद झालं की बहुधा फिकट पट्टाच रुंदावतो आणि घनता उतरते. पाइनमध्ये हे तितकं ठाम नाही. विरळणीनंतर जमिनीत पाणी जास्त काळ टिकलं तर गडद पट्टाही वाढतो, आणि घनता फारशी हलत नाही.

बांधावरून : म्हणजे 'भराभर वाढलं ते भुसभुशीत' हा आपला ग्रह खोटा?

देवराई : झाडावर अवलंबून. ओक, अ‍ॅशसारख्या झाडांत उलटं घडतं. तिथे वलयातला मोठ्या छिद्रांचा पट्टा जवळपास तेवढाच राहतो आणि रुंदी वाढते ती घट्ट भागाची. सागातही वेग वाढला की घनता घटतेच असं नाही. म्हणून सागाच्या अनुभवावरून पाइनबद्दल लिहू नये, आणि उलटही.

तुमच्या लेखातलं कमजोर लाकूड मात्र मुख्यतः वलयाच्या रुंदीमुळे नाही, वयामुळे. कोणत्याही उंचीवर खोडाच्या मध्यापासूनची साधारण पहिली दहा वलयं रेडिएटात कमी ताकदीची असतात; हेच जुवेनाइल वुड. त्यांच्या पेशीभित्तींतले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू खोडाच्या दिशेला बरेच तिरपे असतात. म्हणून लाकूड लवचीक राहतं, वाळताना लांबीतही आकसतं आणि फळी वाकते. १९७० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये लवकर, जोरात विरळणी करून हेक्टरी २०० च्या आसपासच झाडं ठेवायची पद्धत आली. मोकळ्या जागेत ही पहिली वलयं फुगली. २५-३० वर्षांनी तोड झाली तेव्हा ओंडक्याचा मोठा भाग हाच. तीच विरळणी उशिरा केली असती तर रुंद वलयं बाहेरच्या चांगल्या लाकडात पडली असती.

आता शब्द. 'कोवळं लाकूड' म्हणू नका. वाचक सालीलगतचं ताजं लाकूड समजेल, आणि हे तर त्या उंचीवरचं सगळ्यात जुनं. 'गाभा' म्हणालात तर आणखी घोटाळा. आपल्याकडे सागाचा गाभा म्हणजे टिकाऊ, रंगदार, भाव खाणारा. रेडिएटात मधलाच भाग सगळ्यात कमजोर. मी 'बाल्यावस्थेतलं लाकूड' लिहीन. लांब आहे, पण दिशाभूल करत नाही.

रंधा : लाकडाच्या धंद्यातून सांगतो. आमच्याकडे रेडिएटाच्या लाकडाला नुसतं 'न्यूझीलंड पाइन' म्हणतात. ज्या फळीत झाडाचा मध्य येतो ती बाजूला काढतो, कारण ती हमखास वाकते. गाठींबद्दल कुणी बोललं नाही. विरळणी केली की खालच्या फांद्यांना ऊन मिळतं, त्या मरत नाहीत, जाड होत राहतात, म्हणजे गाठी मोठ्या. दाट रानात फांद्या लवकर मरतात. त्यांच्या गाठी लहान, पण मेलेल्या फांदीवर खोड चढलं की सुटी गाठ होते. रंधा मारला की निखळून पडते. जिवंत फांदीची गाठ निदान लाकडाला धरून राहते.

देवराई : म्हणूनच न्यूझीलंडमध्ये चांगल्या लाकडासाठी राखलेल्या झाडांच्या खालच्या सुमारे सहा मीटरमधल्या फांद्या लहानपणीच काढतात. तेव्हा पानफुटी, 'छाटणी' तुमच्या लेखात येईलच. फक्त ती फांद्यांची, आणि विरळणी झाडांची.

पानफुटी : शेवटचं. मूळ लेखात 'लो थिनिंग' आणि 'क्राउन थिनिंग' आहे. 'कमी विरळणी' आणि 'मुकुट विरळणी'?

देवराई : 'कमी' नको, त्यातून प्रमाण कळतं. इथे प्रश्न कोणती झाडं काढायची याचा आहे. पहिल्यात खालच्या थरातली दबलेली झाडं काढतात. ती तशीही फारशी स्पर्धा करत नव्हती, म्हणून हलकी असेल तर उरलेल्यांना विशेष फरक पडत नाही. दुसऱ्यात निवडलेल्या झाडाच्या माथ्याला भिडणारी, तोडीस तोड झाडं काढतात, आणि खरी वाढ तिथे दिसते. मी 'खालच्या थराची विरळणी' आणि 'वरच्या थराची विरळणी' लिहीन.