त्सुनामीचं पाणी ओसरल्यावर रिसॉर्टमध्ये पहिले ३ दिवस काय करायचं? (संदर्भ: फुकेत-खाओ लाक, २००४)

रानजाई
थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावरच्या १२० खोल्यांच्या रिसॉर्टसाठी आपत्ती-पुस्तिका लिहायचं काम चालू आहे. लाट येण्याआधीचं बरंच साहित्य मिळतं: भोंगे, पाट्या, उंचावर जायच्या वाटा. पाणी उतरल्यानंतरचं मात्र सगळीकडे अर्ध्या पानात उरकलेलं. हवंय ते हे: (१) लोकांना परत खाली कधी येऊ द्यायचं, (२) बेपत्ता आणि मृत पाहुण्यांचं काय, (३) विहीर आणि वीज. विहीर किनाऱ्यापासून ९० मीटरवर, उथळ, २ मीटर व्यासाची. ठेकेदाराच्या मते मोठा पंप लावून दोन दिवस उपसली की खारं पाणी जातं.

भरतीओहोटी
पहिल्याचं उत्तर: अधिकृत ‘धोका टळला’ येईपर्यंत कुणीही खाली यायचं नाही, सामान आणायलासुद्धा. लाटा एकापाठोपाठ येतात, मध्ये अर्धा-पाऊण तासही जातो आणि पहिलीच सगळ्यात मोठी असेल असं नाही. १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसंट सिटीत चौथी लाट सर्वांत मोठी होती. आधीच्या लाटा सौम्य वाटल्या म्हणून दुकानं साफ करायला परतलेले लोक तिच्यात सापडले.

पुस्तिकेत ‘आधी समुद्र मागे हटतो’ हे नियम म्हणून लिहू नका. २००४ ला फुकेतला तो हटला, कारण भूकंपाच्या भेगेच्या त्या बाजूचा समुद्रतळ खचला होता. तामिळनाडू-श्रीलंकेच्या बाजूला थेट पाण्याची भिंत आली. आणि तळघर हे आश्रयाचं ठिकाण नव्हे, हे ठळक अक्षरात. फुकेतच्या पटाँग किनाऱ्यावर एका दुकानाच्या तळघरात अडकून माणसं गेली.

नोंदवही
माझ्या मते खरा गुंता दुसऱ्या प्रश्नात आहे. थायलंडमध्ये सुमारे ५,४०० मृत्यू नोंदले गेले आणि त्यातले जवळपास निम्मे परदेशी. पासपोर्ट खोलीत, रजिस्टर रिसेप्शनवर, आणि दोन्ही वाहून गेलेलं. कोण मुक्कामाला होतं हेच सांगता येत नव्हतं.

म्हणून रोज रात्री पाहुण्यांची यादी (नाव, देश, पासपोर्ट क्रमांक, खोली, घरचा फोन) किनाऱ्यापासून दूर कुठेतरी जायलाच हवी. मुख्य कार्यालयाला ई-मेल केली तरी चालेल.

मृतदेहांबाबत:
– ओळख पटवणं हे पोलिसांचं आणि न्यायवैद्यक पथकाचं काम. तुम्ही फक्त पुरावा जपायचा. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक, पाण्याने खराब न होणाऱ्या लेबलवर, मृतदेहाला आणि पिशवीलाही घट्ट बांधून. दागिने, कपडे काढायचे नाहीत. सापडल्याची जागा लिहायची.
– फोटो लगेच: पूर्ण शरीर, चेहरा समोरून, व्रण-गोंदण. प्रत्येक फोटोत क्रमांक दिसला पाहिजे. त्या उष्ण हवेत दिवस-दोन दिवसांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. सुरुवातीला नुसतं बघून ताबा दिला, तिथे अदलाबदली झाली. नंतर इंटरपोलच्या पद्धतीने दात, बोटांचे ठसे, डीएनए असं काम चाललं. सुरुवातीच्या बहुतेक परदेशी ओळखी दातांवरूनच पटल्या.
– शीतकंटेनर २ ते ४ अंशांवर. तो येईपर्यंत कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), दर मृतदेहामागे दिवसाला साधारण १० किलो. पण अंगावर ठेवायचा नाही, ऊतक खराब होतं. साधारण वीसजणांच्या गटाभोवती अर्धा मीटर उंचीची बर्फाची भिंत घालून वर ताडपत्री. खेळती हवा हवीच, नाहीतर कार्बन डायऑक्साइडने आत काम करणारा गुदमरतो. हातमोजे जाड वापरा.
– ‘साथ येईल’ म्हणून घाईने सामूहिक दफन किंवा दहन करू नका. बुडून किंवा मार लागून गेलेल्यांमुळे साथ पसरत नाही. पुरावा मात्र कायमचा जातो.

आडातलं_पोहऱ्यात
ठेकेदाराला थांबवा! किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. हिशेब साधारण असा: समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली ४० मीटर असतं. म्हणजे पातळी एवढीशी खाली ओढली तरी खालचं खारं वर चढतं. २००४ नंतर श्रीलंकेत जोरात उपसलेल्या विहिरी अशाच आणखी बिघडल्या. गाळ आणि कचरा काढा, छोट्या पंपाने एकदा हळू उपसा आणि उपसलेलं पाणी विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला सोडा. मग थांबा. खारेपणा पावसानेच उतरतो, कधी एक-दोन पावसाळे जातात. दर आठवड्याला पाण्याची वाहकता (त्यावरून खारेपणा कळतो) मोजून ठेवा, तोवर टँकर.

क्लोरीनने मीठ जात नाही, फक्त जंतू मरतात. ३ मीटर पाणी धरलं तर तुमच्या विहिरीत साधारण ९.४ घनमीटर भरतं. लिटरला ५० मिलिग्रॅम मात्रेसाठी ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर १.४ किलो लागेल. बादलीत कालवून निवळ ओता, साका नको. २४ तास वापर बंद. क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय प्यायचं नाही.

वीज: भिजलेलं पॅनेल, एमसीबी आणि आरसीसीबी (वीज आपोआप तोडणारे स्विच) वाळवून परत लावायचे नाहीत, बदलायचे. मीठ आत राहतं आणि दमट हवेत करंट उतरतो. पंपाची मोटर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) किमान १ मेगओहम दाखवत असेल तरच जोडा. जनरेटर तळघरात असेल तर वर हलवा, हे आजच.

रानजाई
धन्यवाद, पंप रद्द. जखमींबद्दल काही? डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहेत.

मलमपट्टी
जखम शिवू नका. या जखमांत वाळू, गटाराचं पाणी, लाकडाच्या ढलप्या असतात. २००४ ला घाईने टाके घातलेल्या कितीतरी जखमा आतून पिकल्या आणि पुन्हा उघडाव्या लागल्या. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, उघडीच ठेवून ओली पट्टी बांधा, धनुर्वाताची लस, आणि रवानगी. टाके ३-५ दिवसांनी, तेही सर्जन बघेल. पाणी नाकातोंडात गेलेला माणूस ठणठणीत दिसला तरी त्यालाही डॉक्टरकडे पाठवा, न्यूमोनिया दोन दिवसांनीही उमटतो.

नोंदवही
राहिलंच. यादीत फक्त पाहुणे नकोत. खाओ लाकला बांधकामावर आणि हॉटेलांत म्यानमारचे मजूर खूप होते. अनेकांकडे कागद नव्हते, आणि धरपकडीच्या भीतीने नातेवाईकही पुढे यायला कचरत. ठेकेदाराच्या रोजंदारीवाल्यांचं मस्टर फोटोसकट त्याच रात्रीच्या ई-मेलमध्ये जोडा.