'औटघटकेचा पोप' म्हणावं का?

प्रश्न : पोप जॉन पॉल पहिले यांच्यावर लेख लिहितेय, १९७८ साली फक्त ३३ दिवस पोप होते ते. मथळा 'औटघटकेचा पोप' द्यायचा विचार आहे. औट म्हणजे नक्की काय आणि इथे चालेल का?

उत्तर : औट म्हणजे साडेतीन. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकायचे तशी औटकी पण असायची, साडेतीनचा पाढा. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औटघटका झाली ८४ मिनिटं. अर्थात हा हिशोब कुणी करत बसत नाही, 'औटघटकेचं राज्य' म्हणजे आलं आणि गेलं एवढंच.

पण मथळ्यात नको, असं मला मनापासून वाटतं. एकतर त्यात हेटाळणी आहे, १९९६ चं १३ दिवसांचं सरकार वगैरेंबद्दल बोलताना लोक वापरतात तशी, म्हणजे बसले खुर्चीवर आणि उतरावं लागलं. लुचानींना (हे त्यांचं मूळ आडनाव) कुणी उतरवलं नाही, २८ सप्टेंबरच्या रात्री ते झोपायच्या खोलीतच वारले. आणि त्यांनी राज्याचा थाट स्वतःच नाकारला होता, मुकुट घालून राज्याभिषेक करायची जुनी पद्धत त्यांनी सोडली आणि ३ सप्टेंबरला साध्या मिस्साने (म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीने) काम सुरू केलं. त्यांच्या बोधचिन्हावर शब्द एकच, हुमिलितास, म्हणजे नम्रता.

त्यांचं बोलणं वाचा, मग कळेल मी का एवढं ताणतोय. निवडीच्या दुसऱ्या दिवशी, २७ ऑगस्टला, खाली चौकात जमलेल्या लोकांना ते सांगतात की काल सकाळी मी निवांत मत द्यायला गेलो होतो, असं काही होईल हे ध्यानीमनी नव्हतं. मग व्हेनिसची आठवण, तिथे ते धर्मप्रमुख असताना पोप पॉल सहावे आले होते आणि त्यांनी सेंट मार्क चौकात हजारो लोकांसमोर आपल्या खांद्यावरचा स्टोल (धर्मगुरूंचा मानाचा पट्टा) काढून यांच्या खांद्यावर घातला, तेव्हा आपण आयुष्यात कधी झालो नव्हतो इतके लालेलाल झालो म्हणे! पोप स्वतःला 'आम्ही' म्हणायचे, हे सरळ 'मी' म्हणत बोलले. गवंडीकामासाठी परमुलखात जाणाऱ्या, समाजवादी विचारांच्या बापाचा हा मुलगा, डोंगराळ बेल्लुनो भागातला. अशा माणसाला 'औटघटकेचा' म्हटलं की ते हसू आणि तो साधेपणा सगळं बाजूला राहतं आणि फक्त दिवस मोजले जातात.

दुसरं उत्तर : राज्य शब्द अगदीच चूक नाही हां, १९२९ पासून व्हॅटिकन सिटी स्वतंत्र राष्ट्र आहे आणि पोप त्याचे प्रमुख. आणि ३३ दिवस तरी बरे, १५९० मध्ये पोप अर्बन सातवे १५ सप्टेंबरला निवडून आले आणि २७ ला मलेरियाने गेले, राज्याभिषेकाच्या आधीच.

उत्तर : राष्ट्रप्रमुख बरोबर, पण त्या नात्याने कुणी त्यांना आठवत नाही, 'हसरे पोप' म्हणूनच आठवतात. अर्बन सातव्यांना तरी औटघटकेचे कशाला म्हणायचं, आजाराने गेला तो माणूस. आणि 'औटघटकेचा पोप' यात एकेरी येतं ते वेगळंच खटकतं. 'तेहेतीस दिवसांचे पोप' लिहा, किंवा आत मजकुरात 'अल्पकाळाची कारकीर्द'. अल्पजीवी हे कारकिर्दीला चालेल, माणसाला लावू नका, ते ६५ वर्षांचे होते. 'गूढ मृत्यू' पण टाळा. मृतदेह आधी कुणी पाहिला हे व्हॅटिकनने सुरुवातीला चुकीचं सांगितलं, त्यांच्या सेक्रेटरीचं नाव घेतलं, खरं तर एका ननने पाहिलं होतं, आणि त्यातून विषाच्या अफवा उठल्या त्या अजून चालूच आहेत.

प्रश्नकर्ती : 'तेहेतीस दिवसांचे पोप' घेतलं. नावाआधी संत लावायचं का?

उत्तर : नको. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपदाच्या अलीकडची पायरी दिली. २०१४ ला संत झाले ते जॉन पॉल दुसरे, ह्यांच्या मागून आलेले, नावामुळे दोघांची गल्लत फार होते.